धुऊन बघितलेला प्रोटीन बार

आता हसू नका, पण डॉक्टरांनी साखर बंद करून प्रोटीन वाढवायला सांगितलं, म्हणून मी दोन बार आणले. एक खजुराच्या गोडीचा, एक स्टीव्हिया नावाच्या बिनसाखरेच्या गोड पानाचा. त्या दिवशी डबाही नेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बसून दोन्हींची लेबलं ताडून बघत होतो.

आमच्याकडं टॉवेल तपासणारे अण्णा म्हणाले, "लेबल काय वाचतो? टॉवेलला लेबल आपणच लावतो की. धुऊन बघ."

खळीनं टॉवेल जड लागतो, म्हणून अण्णा धुतल्याशिवाय कुठलंच वजन मानत नाहीत. त्यांनी माझे दोन्ही बार पाण्याच्या दोन ग्लासांत टाकले आणि स्वतः भाकरी खायला बसले. त्यांचं जेवण होईपर्यंत खजुराच्या बारचा चिखल झाला. दुसऱ्या ग्लासात तळाला थोडे शेंगदाणे राहिले. अण्णांनी ते स्टीव्हियाचं पाणी चाखलं, दोनदा चूळ भरली आणि म्हणाले, "गोडी जाईना. रंग पक्का हाय."

"मग मी काय खाऊ?"

अण्णांनी ओले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

"हे खा. धुतलेलं हाय, आता आटणार न्हाय."