गोड बोलून घाबरवलं

गोड बोलल्यानं माणूस किती घाबरतो, ते आमच्या ऑफिसात बघितलं की मी.

आमच्या नितीनला ऑटिझम हाय. आडवळणानं बोललेलं त्याला कळत न्हाय. सरळ सांगितलं की काम एकदम चोख. परवा ट्रेनिंगला आलेल्या मॅडम म्हणल्या, "त्याच्याशी हळुवार बोलत जावा." झालं! दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस गुळात घोळलेलं. दुपारी बघतोय तर नितीन बॅग भरून उभा.

"काय झालं रं?"

"पुण्याच्या कंपनीत बी शेवटी असंच गोड बोलाय लागले होते. मग काढलं मला."

तेवढ्यात साहेब आतनं ओरडले, "नित्या, कोटेशन चुकलंय! बस खाली, नीट कर!"

"व्हय साहेब," म्हणला, आणि बॅगेतला डबा काढून परत टेबलावर ठेवला.