उताराच्या आळीतील कठड्याबाबत

जबाब देणार : वय सेहेचाळीस वर्षे, धंदा शिलाईकाम, राहणार उताराची आळी, पायऱ्या संपताच पहिले घर.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती व माझ्या सासूबाई राहतो. पती मालवाहू गाडीवर चालक असून बहुतेक दिवस बाहेर असतात. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी पूर्वी सुईणीचे काम केलेले आहे. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढेच कळते.

आमची आळी मोठ्या रस्त्यावर, पंचायतीच्या कचेरीपाशी सुरू होते. तेथून पाण्याच्या टाकीपर्यंत ती सपाट आहे. टाकीपासून वर आमच्या दारापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. एकही पायरी दुसरीच्या मापाची नाही. एका बाजूला घरांच्या भिंती असून दुसऱ्या बाजूला नाला आहे.

मागील वर्षी गावातील सुविधा व सुधारणांच्या सरकारी निधीतून आमच्या आळीस लोखंडी कठडा मंजूर झाला. जिल्ह्याच्या साहेबांनी आळी नकाशावर पाहिली. नकाशात ती सरळ रेघ आहे. चढ दिसत नाही. काम रस्त्याच्या टोकाकडून सुरू करायचे असा नियम आहे, कारण निधीचा फलक रस्त्यावरून दिसावा लागतो. मंजूर लांबी टाकीपाशी, पहिल्या पायरीच्या अलीकडे संपली. काम आळीतल्याच वेल्डरने केले. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. त्याने तेव्हा साहेबांना विचारले होते, "साहेब, सपाटीवर कोण पडणार आहे?" साहेब म्हणाले, "तू मंजुरी वाच."

त्या कठड्याचा काय उपयोग होत होता असे विचारले असता सांगते की, त्यावर चादरी वाळत घातल्या जात आणि सायकली टेकवल्या जात. माझी शेजारीण घरोघरी दूध घालते. ती त्याला टकल्याचा कंगवा म्हणत असे.

थंडीत सासूबाई पायऱ्यांवरून पडल्या. मनगट मोडले. ते जुळून आले, परंतु त्या पुन्हा पायऱ्यांवर गेल्या नाहीत. त्याआधी त्या रोज दुपारी टाकीजवळच्या ओट्यावर जाऊन बसत. तेथे आळीतल्या बायका जमतात. त्या पडल्यावर बायका वर येऊन भेटून गेल्या. पुढे येणे कमी झाले. ज्याचे त्याला काम असते. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसत व खालून हसणे ऐकू आले की कोण हसले ते मला सांगत. एकदा म्हणाल्या, "मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे का गं, एका खिळ्याला टांगून ठेवायला?" मी मशीनवर होते. मी मशीन थांबवले नाही.

पायऱ्यांना कठडा मिळावा म्हणून मी पंचायतीच्या सचिवांना भेटले. ते म्हणाले, "वहिनी, एका आळीला एकदाच मिळतं. कागदावर तुमची आळी सुरक्षित झालीय." मी म्हटले, "मग सासूबाईंना कागदावरूनच चालवते." ते हसले नाहीत. त्यांनी वर लिहून पाठवले. नकार आला. तो त्यांनी शिपायाकरवी न पाठवता स्वतः घरी आणून दिला, हेही सांगते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी, दुपारची जेवणे उरकल्यावर, ठिणगीने सपाटीवरचा कठडा कापला व पायऱ्यांच्या नाल्याकडील बाजूस बसवायला घेतला. काम दिवसाउजेडी झाले. त्याच्या कटरचा आवाज पंचायतीच्या कचेरीत ऐकू जातो. दूधवालीने सिमेंट कालवले. कठड्याचा एकही तुकडा आळीबाहेर गेलेला नाही. फलक त्याने कापला नाही. तो रस्त्याच्या कडेला एकटा उभा आहे.

ठिणगीला हे करायला कोणी सांगितले असे विचारले असता, मी सांगितले, असे सांगते. माझ्या आधी ज्यांचे जबाब झाले त्यांपैकी प्रत्येकाने "मीच सांगितले" असे सांगितल्याचे हवालदारांनी माझ्या निदर्शनास आणले. त्याबाबत मला काही म्हणायचे नाही. ज्याने त्याने आपापले सांगितले असेल.

त्याने मजुरी घेतली का असे विचारले असता, नाही. मी देऊ केली होती. तो म्हणाला, "वहिनी, मी झालो तेव्हा काकूंनी माझ्या बापाकडून काय घेतलं, ते आधी विचारून या." मी सासूबाईंना विचारले. त्यांना आठवत नाही. मूल पायाळू होते आणि फार रडके होते, एवढेच त्यांना आठवते.

सचिवांबद्दल माझी तक्रार नाही. निधीच्या कामांची तपासणी करणारे पथक येणार आहे. मंजूर जागी कठडा दिसला नाही तर सचिवांची नोकरी जाईल. ठाण्यात कठडा चोरीची तक्रार देण्याच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "काकू, कठडा जागेवर न्यावा लागेल. मला दोन मुली आहेत हो." सासूबाई म्हणाल्या, "मग कर बाबा तक्रार. तू तुझं काम कर. आम्ही काय तुझ्यावर रुसणार आहोत का?" ते बराच वेळ उठले नाहीत. उठून कठड्याला धरून खाली गेले.

सोमवारी हवालदार पंचनाम्यासाठी आले. मी, दूधवाली व सचिव हजर होतो. कठडा चोरीचा मुद्देमाल म्हणून जप्त करून ठाण्यात न्यायचा होता. त्यासाठी तो कापावा लागणार होता. कटर ठिणगीचे, आणि तेही त्याच गुन्ह्यात जप्त होऊन सीलबंद झालेले. हवालदारांनी विचारले, "दुसरा वेल्डर नाही का इथे?" दूधवाली म्हणाली, "आहे की. पण तो ठिणगीनेच शिकवलेला. गुरूविरुद्ध कटर चालवायला तयार नाही." हवालदारांनी कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो हलला नाही. ते म्हणाले, "चोरीचा माल इतका पक्का बसवलेला मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय."

त्यांनी ठाण्यातल्या आपल्या साहेबांना फोन केला. नंतर पायरीवर बसून लिहून काढले की, मुद्देमाल जागेवरच जप्त केला असून, आहे त्या स्थितीत सासूबाईंच्या ताब्यात दिला आहे. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत तो हलवू नये, कापू नये, कोणास हलवू देऊ नये. तो शाबूत असल्याची रोज खात्री करावी. ते सासूबाईंना वाचून दाखवण्यात आले व त्यांचा अंगठा घेतला. ताबा पावतीची प्रत सचिवांनी मागून घेतली. तपासणीवाल्यांना दाखवायला ही चालेल का, असे त्यांनी विचारले. हवालदार म्हणाले, "चालेल काय, पळेल. कोर्टात असलेल्या कामाला कोण हात लावतंय?"

सासूबाईंनी विचारले, "खटला किती दिवस चालेल रे?" हवालदार म्हणाले, "आजी, काही सांगता येत नाही. एका सायकलचा खटला चाललाय, सायकलवाला आजोबा झाला." सासूबाई म्हणाल्या, "मग चालू दे. माझी काही घाई नाही."

ठिणगी आत्ता ठाण्याच्या बाहेर बाकावर बसलेला आहे. त्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही. हे जबाबात घ्यावे असे मी सांगितले. हा जबाबाचा भाग होत नाही असे मला सांगण्यात आले. मी पुन्हा सांगितल्यावरून घेतले आहे.

मुद्देमालाची सध्याची स्थिती काय असे विचारले असता सांगते की, तो शाबूत आहे. सासूबाई रोज दुपारी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तो हाताने तपासतात. तपासून झाला की ओट्यावर बसतात. संध्याकाळी, वर येताना, पुन्हा एकदा तपासतात.

माझा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. काही वाढवायचे आहे का असे विचारले. नाही.