सही मागितली होती

तुम्हीच सांगा, डॉक्टरीणबाईंनी काय मागितलं होतं? सही! एका कागदावर, खाली, रेघ मारलेली होती तिथे, एवढीशी सही! 'मी आजपासून हुक्का सोडतो आणि वजन कमी करतो' एवढंच छापलं होतं हो त्यावर, आणि अब्दुल मौजूद गादीवाल्याने काय केलं? पेन बाजूला सारलं, छातीवर हात मारला आणि नाईलकाठच्या आमच्या अख्ख्या मिन्या शहराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सही कसली मागता बाई? पुरुषाचा शब्द घ्या! हुक्क्याला तोंड लावलं, नाहीतर तुमच्या आहाराच्या तक्त्याबाहेरचा एक घास खाल्ला, तर बायकोला तलाक!"

आणि बायको कुठे होती? शेजारच्या खुर्चीवर! मांडीवर नवऱ्याचे रिपोर्ट धरून बसली होती बिचारी नजात...

आता आमच्याकडे ही शपथ पुरुषांच्या तोंडी जांभईसारखी येते, हे खरं. भाजीवाला म्हणतो, तलाकाची शपथ, यापेक्षा स्वस्त परवडत नाही. न्हावी म्हणतो, तलाकाची शपथ, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. कुणी मनावर घेत नाही. पण अब्दुल मौजूदचे दोन आधीच झाले होते ना! पहिला बदकांवरून. 'बदकं माहेरी दिलीस तर तलाक' म्हणाला, तोवर बदकं माहेरी पोचून त्यांचा रस्सा झाला होता. दुसरा कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. दोन्ही वेळा शेखसाहेबांना मध्ये घालून, मिठाईचं ताट घेऊन, तोंड पाडून तिला परत घेऊन आला. दुसऱ्या वेळी शेखसाहेबांनी बजावलं होतं, "अब्दुल मौजूद, आता एकच शिल्लक. तिसऱ्यानंतर बायको परत आणता येत नाही, माझ्याकडे यायचं नाही." दुसरे शेख म्हणतात हो, की नुसत्या शपथेने काही होत नाही, दहा गरिबांना जेवू घाला की सुटलात. पण याला हेच शेख पटतात! म्हणजे एकतीस वर्षांचा संसार, तीन मुलं, सहा नातवंडं, आणि सगळं टांगलंय कशाला? एका हुक्क्याच्या नळीला! आणि डॉक्टरीणबाईंनी शपथ मागितलीच नव्हती हो, सही मागितली होती!

डॉक्टर इनास म्हणजे धाकट्या मुलीच्या वयाची पोर. शांतपणे म्हणाली, "काका, वीस किलो उतरले आणि धूर थांबला तरच सर्जन तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनला हात लावतील. शपथ राहू दे. दर शनिवारी या, या यंत्रात फुंका, काट्यावर उभे राहा." फुंकलं की छातीत किती धूर आहे ते यंत्र सांगतं. पहिल्या दिवशी याने फुंकलं तर आकडा इतका चढला, की बाईंनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

बरं, माणूस शब्दाला जागला, हे मात्र कबूल करायला हवं. उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, हुक्क्याच्या हॉटेलावरून मान वळवून गेला. पण लोक? लोक ऐकतात का? शेजारीण बसबूसाचं, पाकात मुरलेल्या रव्याच्या वड्यांचं, ताट घेऊन दारात उभी. "आमच्या यांनी शपथ घातलीय, ताट रिकामंच आणायचं!" आता तिचा संसार मोडायचा का? अब्दुल मौजूद बायकोकडे बघायचा, बायको ताटाकडे बघायची... आणि ताट रिकामं व्हायचं. बेकरीवाल्याने शपथ घातली, खजुराची बिस्किटं नजातने खाल्ली. व्याह्यांनी शपथ घातली, अख्खं बदक नजातने खाल्लं! पूर्वी तिसऱ्या मजल्यावर चढताना तो प्रत्येक वळणावर थांबायचा आणि ती वरून विचारायची, "येताय ना?" चार महिन्यांनी तो वरून विचारायला लागला, "येतेस ना, शाकिरच्या आई?" आणि ती खाली कठड्याला धरून... तरी मनातून खूश हो! माणूस धापा न टाकता वर गेला ना!

आणि मग आला साडूकडचा शुक्रवार.

साडू म्हणजे बखीत. नजातच्या धाकट्या बहिणीचा, हिकमतचा नवरा. आवाज असा की कुजबुजला तरी कबुतरं उडतात. आणि जेवायला काय? कबुतरंच, भात भरून भाजलेली! बखीतने सगळ्यात गुबगुबीत कबूतर उचलून साडूच्या ताटात ठेवलं.

"खा!"

"नको, बखीत. तक्त्यात नाही."

"तक्ता गेला खड्ड्यात! तलाकाची शपथ, हे कबूतर माझ्या स्वयंपाकघरात परत गेलं तर!"

"तलाकाची शपथ, ते माझ्या ओठांना लागलं तर!"

झालं! टेबलावर दोन शपथा समोरासमोर, मध्ये एक कबूतर, आणि स्वयंपाकघरात हातात पळ्या घेऊन दोघी सख्ख्या बहिणी!

हिकमत हळूच म्हणाली, "ताई, तुझे किती झालेत गं?"

"दोन."

"माझा एकच झालाय."

"मग तुला काय, तू अजून सहज निभावून नेशील!"

नजातने पळी ठेवली, ओढणीला हात पुसले, बाहेर गेली आणि विचारलं, "बखीत, कुणी खायचं ते बोललात का?"

बखीत विचारात पडला. "कुणी... असं नाही म्हणालो."

"मग सरका." आणि उभ्या उभ्या तिने ते कबूतर संपवलं हो! हाडंसुद्धा चोखली! दोन संसार वाचले!

आता तरी गप्प बसावं की नाही? पण बखीतने हुक्का मागवला. "साडूसाठी पेटवलाय! तलाकाची शपथ, हा निखारा वाया गेला तर!"

नजातने जन्मात नळी धरली नव्हती. धरली. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर, आणि शेजारी बसून नवरा शिकवतोय! "हळू, शाकिरच्या आई... आधी गालात घे... आता सोड... इकडे सोड, माझ्या बाजूला सोड... वासाने तलाक होत नाही ना गं?"

"तोंड मिटा!" ती खोकत म्हणाली. "एकतीस वर्षं मी मिटलंय, आता तुमची पाळी!"

निखारा विझेपर्यंत ओढला तिने. खाली रस्त्यावर आल्यावर अब्दुल मौजूदने तिचा हात धरला, भर रस्त्यात, जो त्याने लग्नाच्या दिवशीसुद्धा धरला नव्हता, आणि म्हणाला, "चुकलं माझं. सहीच करायला हवी होती."

चार महिन्यांनी सुचलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात अब्दुल मौजूदचं वजन वीस किलो कमी भरलं आणि त्याच्या फुंकरीत धूर नावालाही नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी धापा टाकणाऱ्या नजातला काट्यावर उभं केलं, यंत्रात फुंकायला लावलं, दोन्ही आकडे पाहिले आणि तिच्या नावाची नवी फाइल उघडून तसाच छापील कागद पुढे ठेवला. अब्दुल मौजूदने छातीवर हात मारून तोंड उघडलं, तेव्हा नजातने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने, रेघ मारली होती तिथे, सही केली.