नोंद घेतली, भोंग्या

(ध्वनिमुद्रणाची खोली. जाड काचेच्या अलीकडे दोघी : दिग्दर्शिका, जिला सगळे ताई म्हणतात, आणि कार्टून मालिकेची लेखिका, मांडीवर झोपलेली लेक घेऊन. काचेच्या पलीकडे मायक्रोफोनसमोर ध्वनिमुद्रक; मालिकेतल्या यंत्रमानव भोंग्याचा आवाजही त्याचाच, म्हणून ताई त्याला भोंगा म्हणते, लेखिका दादा. ताईने समोरच्या माइकचं बटण दाबलं तरच अलीकडचं बोलणं त्याला ऐकू जातं.)

भोंगा : 'कप्तान, सांगून ठेवतो. यानात कुठेतरी फुस्स आवाज येतोय. हवा गळतेय.'

ताई : थांबा, भोंगा. परत घेऊ. तुम्ही यंत्रमानव आहात. घरात कोणी आजारी असल्यासारखं काय बोलताय? इथे लोकांनी हसायचंय.

भोंगा : घेऊ की. आधी घोटभर पाणी पितो. आणि मॅडम, तुमच्या खुर्चीचा डावा पाय हलतोय. सांगून ठेवतो.

ताई : नोंद घेतली, भोंग्या. ...हं, बटण सोडलं. बघितलंस? गेले तीन भाग हेच चाललंय.

लेखिका : हळू बोल ना, ही आत्ताच झोपलीय.

ताई : हळूच बोलतेय. ऐक, तुला आधी सांगते. पुढच्या वर्षी भोंग्याच्या आवाजाला मी दुसरा माणूस बघितलाय. नाटकातला आहे, चांगला आहे. आजचं संपलं की यांना सांगणार.

लेखिका : दादांना काढणार?

ताई : काढत कुठे आहे? ध्वनिमुद्रण त्यांचंच राहील. हा आवाज मुळात त्यांचा नव्हताच. यंत्रमानवाचा दिवा कधी लुकलुकायचा ते चित्रकारांना कळावं, म्हणून तात्पुरता भरून घेतला होता. त्यांची ती कटकट सगळ्यांना आवडली आणि राहिला. आता कटकट संपली. आता नुसतं दुःख ऐकू येतं. 'गळकं यान' ही विनोदी मालिका आहे, बाई.

लेखिका : मला माहीत आहे. मीच लिहिते.

ताई : मग हे काय लिहिलंयस? शेवटचं पान आत्ता बघतेय मी. भोंगा म्हणतो, हवा गळतेय. त्यावर कप्तानाने काय म्हणायचं असतं?

लेखिका : नोंद घेतली, भोंग्या.

ताई : तीन वर्षं म्हणतोय. पोरं शाळेत म्हणतात. माझा जावई माझ्या मुलीला म्हणतो आणि शिव्या खातो. आणि ते खोडून तू लिहिलंस, 'कुठे?' एवढंच. 'कुठे?'

लेखिका : हो.

ताई : अगं, सगळी मालिका ज्या खुंटीवर टांगलीय ती खुंटीच काढलीस की. यानात एकट्या भोंग्याला ठाऊक असतं की आपण गोष्टीत आहोत. तो म्हणतो, दुसरा अंक संपत आला, आता कोणीतरी दगा देणार. म्हणतो, ज्याने आत्ता घरच्यांचा फोटो काढून बघितला त्याचं काही खरं नाही. त्याचं सगळं खरं होतं आणि त्याचं कोणी ऐकत नाही. यावर आपण जगतो. कप्तानाने एकदा 'कुठे' विचारलं तर पुढे काय? भोक बुजवलं, यान नीट चाललं, सगळे घरी पोचले. संपली मालिका.

लेखिका : एकदाच. एका भागात एकदाच विचारू दे ना त्याला.

ताई : का पण?

लेखिका : सांगते. पण बटण खरंच सोडलंयस ना?

ताई : सोडलंय. ते बघ, बाटलीचं झाकण शोधतायत.

लेखिका : हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. हिच्या बाबांनाही अर्धंच सांगितलंय. सासूबाईंना तर अजिबात नाही. मी हिची झोपेत छाती हलतेय का ते बघायला उठणारी बाई, खेळण्यांच्या कडांवरून बोट फिरवून मग हातात देणारी. लोक हसतात मला. आणि माझ्याच हातून... म्हणजे म्हणतील ना, एवढी जपते जपते म्हणते आणि बघा.

ताई : काय झालं?

लेखिका : तुला माहितीये, मी भाग लिहिला की सगळ्यांचे संवाद घरीच तात्पुरते भरून दादांना पाठवते. पांघरुणात डोकं घालून, घुमू नये म्हणून. खिडक्या लावून, पंखा बंद करून. आणि शेवटी पांघरुणातून बाहेर येऊन थोडा वेळ नुसती खोलीची शांतता. ती त्यांना लागतेच, वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला.

ताई : माझ्याही मागे लागतात. शांतता पाठवा, शांतता पाठवा. मी म्हटलं, आमच्या घरात ती नसते.

लेखिका : त्या दुपारी मी हिच्या बाटल्या उकळत ठेवल्या होत्या. मला सर्दी, नाक चोंदलेलं, रात्रीची झोप नाही. ही पलंगावर झोपली होती. म्हटलं, बाटल्या उकळेपर्यंत तेवढं भरून टाकू. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये आमच्याकडे नुसता पडदा आहे. पाणी उतू गेलं आणि त्याने खालची ज्योत विझली. शेगडी तशीच चालू.

ताई : अगं बाई.

लेखिका : मला काहीच कळलं नाही. मी संवाद भरले, शांतता भरली, पाठवून दिली. डोकं जड वाटत होतं, पण ते तर हिच्या जन्मापासून जडच आहे. आणि दादांचा फोन आला. म्हणाले, तुझ्या शांततेत काहीतरी फुस्स होतंय.

ताई : मग?

लेखिका : त्याच आवाजात, ताई. भोंग्याच्या. म्हणजे त्यांच्याच आवाजात, पण मला तो भोंग्याचाच ऐकू आला. तीन वर्षं मी त्या आवाजासाठी वाक्यं लिहितेय आणि प्रत्येक वाक्याच्या पुढे हशा गृहीत धरतेय. मला खरंच हसू आलं. मी म्हटलं, 'नोंद घेतली, भोंग्या.' आणि फोन ठेवला. आणि हिच्याशेजारी आडवी झाले.

ताई : झोपलीस? तिथेच?

लेखिका : आणि ते दिवसभर काय काय सांगत असतात बघ ना. ही वायर तुटेल, तो जिना निसरडा आहे, त्या माणसाला पैसे देऊ नका, तो बुडवणार. त्यातलं किती खरं निघतं?

ताई : खुर्चीचं निघणार नाही अशी आशा आहे. मग त्यांना कळलं कसं, गॅस आहे म्हणून?

लेखिका : कुठे कळलं? त्यांना वाटलं, माझ्या मायक्रोफोनची वायर खराब झालीय. ते चिडले होते. 'ही ऐकत नाही, आता हिचे सगळे संवाद फुसफुसणार आणि निस्तरणार मी', असं पुटपुटत नवी वायर घेऊन निघाले. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतो आम्ही. वायर बदलायला आले ग ते. जिन्यातच त्यांना वास आला.

ताई : बेल दाबली असती तर?

लेखिका : नाही दाबली. माझी पाटी आहे ना दारावर. 'बेल वाजवू नका, बाळ झोपलंय.' जिच्यावरून सगळे मला चिडवतात ती. त्यांनी दार बडवलं. दोन्ही हातांनी बडवलं. मी झोपेत कडी काढली तर मला बाजूला सारून आत. 'दिव्याला हात लावायचा नाही' म्हणून ओरडले, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, हिला उचललं आणि आम्ही सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर. ही ढिम्म. ही झोपलेलीच. मी दहादा हलवली तेव्हा भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी...

ताई : हं. हे घे, पदर... रुमाल घे.

लेखिका : ओलाय तुझा.

ताई : मीही माणूसच आहे. पण एक सांगू? हे तू पटकथेत लिहून आणलं असतंस ना, मी कापलं असतं. चुकीची वायर, बरोबर वेळ, वर दारावरची पाटी. किती योगायोग घालशील?

लेखिका : आणि पाटी पहिल्याच प्रसंगात दाखवायला हवी होती, असंही म्हणाली असतीस.

ताई : म्हणालेच असते. ...आणि म्हणून त्यांचा आवाज पडलाय?

लेखिका : तेव्हापासून. 'हवा गळतेय' म्हणायची वेळ आली की त्यांच्याने गंमत होत नाही. पुढे हशा येणार, हे त्यांना माहीत असतं ना. मी आभार मानायला तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी मला दुसऱ्याच कशाची तरी सूचना दिली. म्हणून मग पानावर लिहिलं. मला दुसरं येतं काय?

भोंगा : मॅडम, मी इथे म्हातारा व्हायच्या आत घ्यायचंय का? आणि बाळाच्या आईला सांगा, तिच्या पिशवीचा पट्टा खुर्चीच्या चाकाखाली येतोय. ओढली की फाटणार.

ताई : ऐकतोय, भोंगा. शेवटचं पान घेऊ. कप्तानाचा नट आज नाहीये, त्याचं वाक्य मी वाचते. थोडा बदल आहे. तुम्ही तुमचं म्हणा, मुद्रण चालू आहे.

भोंगा : बदल? मला कोणी सांगत नाही. बरं. 'कप्तान, सांगून ठेवतो. यानात कुठेतरी फुस्स आवाज येतोय. हवा गळतेय.'

ताई : 'कुठे?'

भोंगा : ...

ताई : भोंगा?

भोंगा : पुढचं पान नाहीये माझ्याकडे.

लेखिका : ताई, बटण दाबून धर. दादा, मी बोलतेय. पुढचं पान नाहीच. तुम्हाला तीन वर्षांत त्यापुढचं वाक्य मी कधी दिलंच नाही. कोणी विचारलंच नव्हतं ना. काय म्हणेल भोंगा, तुम्हीच सांगा.

भोंगा : म्हणजे हे मॅडमना सांगितलंस तू.

लेखिका : सांगितलं.

भोंगा : मग हेही सांगितलं असशील, की खिडक्या मीच लावायला लावायचो. पंखाही मीच बंद करायला लावला. रस्त्याचा आवाज येतो, रस्त्याचा आवाज येतो म्हणून डोकं खाल्लं तुझं. आला असता जरा रस्ता तर काय बिघडलं असतं?

लेखिका : हे नाही सांगितलं.

भोंगा : का?

लेखिका : कारण मला ते आत्तापर्यंत सुचलंच नव्हतं. आणि रस्त्याचा आवाज असता, तर ते फुस्स तुम्हाला ऐकू आलं असतं का?

भोंगा : ...नसतं आलं.

लेखिका : मग? दादा, तुम्ही त्या दिवशी वायर बदललीत, आठवतंय? एवढं सगळं झाल्यावर, शेजारचे जमलेले, मी पायरीवर हिला घेऊन बसलेली, आणि तुम्ही आत जाऊन वायर बदलून आलात. म्हणालात, आलोच आहे तर. त्या वायरीवरच मी हा भाग भरून पाठवला, शेवटचं 'कुठे' तेवढं नंतर लिहिलं. ही कुशीत होती. मध्ये एकदा जांभई दिलीय हिने, ती कापू नका.

भोंगा : ऐकली. नाही कापली.

लेखिका : तुमचे आभार मानायचेत. चौथ्यांदा. पट्ट्याचं मी बघते, जिन्याचं बघते, आधी एवढं ऐकून घ्या.

भोंगा : नोंद घेतली, लेखिकाबाई.

ताई : हे चालू होतं का मुद्रणात?

भोंगा : मुद्रण मी कधी बंद करतो, मॅडम?

ताई : मग हेच राहू दे. हा आवाज. 'ऐकली, नाही कापली' म्हणालात ना, तो. कप्तानाने 'कुठे' विचारलं की भोंगा एवढा वेळ गप्प राहणार, जेवढे आत्ता राहिलात. त्याचा दिवा लुकलुकणार. आणि मग म्हणणार...

भोंगा : 'बघूया. या माझ्यामागे.' दुसरं काय म्हणणार? त्याला तरी कुठे नक्की माहितीये, कुठून गळतंय ते.

ताई : परत म्हणा.

भोंगा : 'बघूया. या माझ्यामागे.'

ताई : झालं. हेच ठेवते. ...आणि भोंगा, पुढच्या वर्षासाठी मी एक माणूस बघितला होता, नाटकातला. त्याला आज कळवते, नको म्हणून.

भोंगा : मला माहीत होतं त्याचं. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटला. त्याला म्हटलं, हे बटण अडकतं हो कधीकधी. मॅडमना वाटतं सोडलंय.

ताई : म्हणजे मघापासून...?

भोंगा : सांगून ठेवलं होतं मी तुम्हाला, गेल्या वर्षीच.

लेखिका : अगं, हसू नकोस इतकी मोठ्याने, ही उठेल. ...ताई, एक राहिलं. मालिका संपताना भोंगा बघणाऱ्यांकडे वळून टोमणा मारतो ना, 'पुन्हा पुढच्या भागात माझं ऐकू नका' म्हणून. ते बदलायचंय. पान नाही, डोक्यात आहे. तात्पुरतं मी म्हणते, दादा नंतर त्यांच्या पद्धतीने म्हणतील.

भोंगा : माइकपासून वीतभर लांब हो. हं. म्हण.

लेखिका : 'तुम्ही, पडद्यासमोर बसलेले. आमचं यान आता बरं आहे. तुमच्या ओळखीत एखादी असेल, नुकतीच आई झालेली, फोनवर हसून सगळं छान चाललंय म्हणणारी. तिच्याकडे जरा जाऊन या. काही निमित्त नसेल तर एखादी वायर घेऊन जा. आणि बेल वाजवू नका, दारच ठोठावा. बाळ झोपलं असेल.'