बंड्याचं मराठी

म्युनिकमध्ये व्हिसा वाढवून घ्यायच्या रांगेत माझ्या मागे एक सून सासऱ्यांचा फॉर्म भरत होती.

"आल्झो... म्हणजे, तर बाबा, जन्मस्थान सातारा ना?"

"जिंजा लिही. युगांडा."

"युगांडा? कधी बोलला नाहीत तुम्ही."

"वडील तिथे साखर कारखान्यात होते. बहात्तर साली हुकूम निघाला, भारतीयांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. मी सातवीत होतो."

"सगळं तिथेच टाकून?"

"सामानाचं काही वाटलं नाही. आमचा कुत्रा राहिला, बंड्या. तो वायस्वाला दिला."

"हा कोण?"

"माझा मित्र. तिथलाच, आमच्या घरामागे राहायचा. बंड्याला फक्त मराठी कळायचं, म्हणून आठवडाभर वायस्वाला शिकवलं. ये. बस. जेवलास का."

"जेवलास का कशाला?"

"ते विचारल्याशिवाय बंड्या ताटलीला तोंड लावायचा नाही."

"नंतर पत्रबित्र?"

"आपण कुठे राहणार हे आम्हालाच माहीत नव्हतं. पत्ता काय देणार? निघालो तेव्हा बंड्या गाडीमागे धावत सुटला. वायस्वा ओरडला, बस. आणि तो रस्त्यातच बसला."

"बाबा, एक विचारू? परवा शाळेतून लवकर आलेला समर्थ सांगत होता, आबा दुपारी जेवायला बसताना एकटेच बोलतात."

"ऐकलं का त्याने?"

"त्याला वाटलं, फोनवर कोणाला तरी विचारताय, जेवलास का."

"घरात कोणी नसतं ना तेव्हा. तू जन्मस्थान लिही. नंबर येईल आपला."