खांडेनवमीला फिरवलेला पंप

नाव तुलाराम फकिरा गभणे, वय ४१ वर्षे, धंदा मँगनीज खाणीत पंप चालवणे, राहणार खाण कॉलनी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

काल दिनांक १० ऑक्टोबर १९७८ रोजी खांडेनवमी होती. सकाळी १० वाजता फोरमन गोपीचंद यांनी खाणीतले पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपाची पूजा केली. चाकाला झेंडूचा हार घातला, वर नारळ ठेवला. पूजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पंप मीच बंद केला. सुट्टी असल्याने खाली कोणी नाही, असे आम्ही धरून चाललो.

दुपारी ३ वाजता ड्रिल चालवणारा खुशाल याची बायको शकुन धावत आली. म्हणाली, "भाऊ, हे एक वाजता खाली गेले, आपल्या मशीनले हार घालाले. अजून आले नाही."

मी शिडीने उतरलो. बोगद्याचा सखल भाग पाण्याने भरत होता, पाण्यापासून छत दोनच हात उरले होते. पलीकडून खुशालची हाक आली.

वर येऊन हँडल उचलले तर फोरमन आडवे आले. "दोर टाका, पोहून येईन तो. पूजलेली मशीन फिरवली तं खाणीवर संकट येते."

मी म्हटले, "त्याले पोहता येत नाही, साहेब. अन् संकट तं येऊनच राहिलं!"

मी त्यांना बाजूला ढकलले, हे खरे आहे. तिसऱ्या फेरीला इंजिन लागले. हार पट्ट्यात गेला, फुले छपरापर्यंत उडाली आणि नारळ सुटून फोरमन यांच्या कपाळावर फुटला. नारळ मी मारला ही त्यांची फिर्याद खोटी आहे, तो चाकाने मारला. नळातून धार सुटली तशी शकुन ओरडली, मीही ओरडलो, सारी कॉलनी गोळा झाली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

५ वाजून ४० मिनिटांनी खुशाल छातीपर्यंत भिजून वर आला आणि विचारू लागला, "आज मशीन कोनं चालू केली बे?" शकुनने त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग त्यालाच धरून रडली.

पुन्हा असे कराल काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. खुशाल बाहेर बाकावर बसला आहे, त्याला विचारावे.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. फोरमनसाहेबांच्या कपाळाबद्दल माफी मागतो. त्यांच्या फिर्यादीतले "पूजा मोडली" हे शब्द मात्र खोडू नयेत, ती मीच मोडली.