जाम नको
जामाचा किस्सा तुम्हाला सांगितला नसेल मी. आमची ही देवाघरी जाऊन महिना झाला होता आणि लेकीचा डबा मीच भरत होतो. शाळेच्या डायरीत आलं होतं, ‘शनिवारी ताजं फळ द्या. जाम नको.’ शेजारच्या काकूंनी पावणे गावातल्या घरचे, झाडावरचे पाणीदार गुलाबी जाम दिले होते. घाईत तेच डब्यात भरले. रबाळ्याला कामावर पोचल्यावर डायरी आठवली. पीसीओवरून शाळेचा फोन लागेना, तसा रिक्षा करून धावलो.

“बाई, चुकून जाम दिलेत. तिला ओरडू नका.”

बाईंनी डबा उघडला. “अहो, हे चालतात! नको तो पावाला लावायचा.”

मी घाम पुसला.

“आणि तिनं सकाळीच सांगितलंय मला,” बाई म्हणाल्या. “‘डब्यात काही चुकलं तर ओरडू नका, बाबा नवीन आहेत.’”